मसऊदाची रिकामी प्लेट

मसऊदाचं डोकं सकाळी सातलाच फिरलेलं असायचं. म्हातारे आठला यायचे, तोवर ते चांगलं तापून तयार.

इस्रायलच्या वाळवंटातल्या येरुहाम गावी, वृद्धांच्या दिवस-केंद्रात ती बावीस वर्षं स्वयंपाक करत होती. रोज चाळीस पानं. आठवीत शाळा सोडली तेव्हा वर्गातल्या बाई म्हणाल्या होत्या, "जा, आता आयुष्यभर बटाटे सोलत बस." बाईंनी दिलेला तेवढा एकच अभ्यास मसऊदाने मन लावून केला. तिने सोललेल्या बटाट्यांचा ढीग घातला असता तर तो येरुहामच्या मागच्या डोंगराएवढा झाला असता.

बटाट्यांचा तिला त्रास नव्हता. त्रास माणसांचा होता.

"मीठ कुठे गेलं गं, मीठ?" लल्ला सोल चमचा ताटावर वाजवायची. "देशाबाहेर गेलं का?"

"मंत्रालयात गेलं," मसऊदा आतून ओरडायची. "बेर-शेव्हाहून ती आहारवाली आली होती ना, तीच घेऊन गेली. तिला विचारा."

"आमच्या बगदादला असला भात कोंबड्यांना घालायचे," नईम म्हणायचा.

"कोंबड्या शहाण्या. खायच्या आणि गप्प बसायच्या."

तिची तरी काय चूक? आहारवाली बाई भिंतीवर तक्ता चिकटवून गेली होती. तेल कमी, तिखट बंद, लाल रस्सा बंद. उकडलेली कोंबडी, उकडलेला फ्लॉवर, कुस्करलेला बटाटा, पांढरा भात. सगळं पांढरं, पांढऱ्या प्लेटमध्ये, पांढऱ्या टेबलक्लॉथवर. मसऊदा ते वाढताना तोंड फिरवायची. आपल्याच हाताची लाज वाटायची तिला.

चाळीस जणांत एकच माणूस कधी कुरकुर करायचा नाही. रिब्बी मख्लूफ; रिब्बी म्हणजे गुरुजी. वय चौऱ्याऐंशी. धंद्याने चांभार, पण बाजारामागच्या मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये चाळीस वर्षं दर शब्बातला, शनिवारी, तोरा हा धर्मग्रंथ वाचणारा माणूस. काना, मात्रा, विराम काही नसलेली ती गुंडाळी समोर उलगडायची, हातात अक्षरांवर फिरवायचं चांदीचं बोट घ्यायचं आणि सुरात वाचायचं, एकही अक्षर न चुकता. मसऊदाने शाळा सोडून कारखान्याची वाट धरली तेव्हा अख्ख्या गल्लीने तोंडं वाकडी केली होती. रिब्बींनी तिच्या बुटांना नवे तळ मारून दिले होते आणि म्हणाले होते, "कारखान्यात उभं राहायचंय तुला. पाय सांभाळ, पोरी." त्या माणसाबद्दल कोणी वाकडं बोललं तर मसऊदा डाव घेऊन बाहेर यायची.

आणि नेमका तोच माणूस जेवेनासा झाला होता.

आधी पावाने प्लेट पुसून खायचा आणि म्हणायचा, "तुझ्या हातांना आयुष्य लाभो, मसऊदा." एप्रिलातला वल्हांडणाचा सण झाल्यापासून दोन घास खाऊन प्लेट सरकवायला लागला. "छान झालंय. भूक नाही."

मसऊदाने काय नाही केलं? तक्त्याकडे पाठ करून चोरून जिरं घातलं. कोथिंबीर घातली. लिंबाचं लोणचं बारीक करून कोंबडीच्या पोटात लपवलं. रिब्बी वास घ्यायचे, हसायचे, दोन घास खायचे आणि प्लेट सरकवायचे. मसऊदा वेडी व्हायची. शिव्या देणाऱ्यांना उलट बोलता येतं. छान झालंय म्हणून उपाशी राहणाऱ्याला काय बोलायचं?

मंगळवारी नर्सने वजन केलं. एक्कावन्न किलो. नर्सने अश्दोदला फोन लावला, रिब्बींच्या मुलीला. मुलीने, जॅकलिनने, फोन मसऊदाला द्यायला सांगितला.

"मसऊदा, तू त्यांना खायला घालतेस तरी काय?"

"दगड घालते. वाळवंटात काय कमी आहेत?"

"मी भांडायला फोन नाही केला. पुढच्या मंगळवारी वजन आणखी उतरलं तर मी गाडी घेऊन येते आणि बाबांना इथल्या वृद्धाश्रमात ठेवते. तिथे नळीने का होईना, पोटात जाईल."

"त्यांना येरुहाममधून काढलंस तर ते महिनाभर जगायचे नाहीत, जॅकलिन."

"आणि तिथे उपाशी राहून किती जगणार आहेत?"

मसऊदाने फोन नर्सच्या हातात कोंबला. त्या दिवशी तिने दोन पातेली आपटली.

बुधवारी जेवणाआधी रिब्बींचा पाठ असायचा. दहा मिनिटं, त्या आठवड्यातल्या वाचनावर. ऑगस्टचा उन्हाळा, बाहेर रस्त्याचं डांबर पाघळत होतं, आणि वाचनात भाग आला होता वाळवंटाचाच: मिसरातून सुटलेल्या लोकांना मोशे वाळवंटातल्या चाळीस वर्षांची आठवण करून देतो तो.

"सकाळी आभाळातून मान्ना पडायचा, आयतं अन्न," रिब्बी सांगत होते. "खाली दव, वर दव, मधे मान्ना, डब्यात ठेवल्यासारखा. शुक्रवारी दुप्पट पडायचा, म्हणजे शब्बातला कोणी वेचायला जायला नको. मनात आणाल ती चव. तरण्यांना पावाची, म्हाताऱ्यांना तेलाची, तान्ह्यांना मधाची. पाण्याला मोशेच्या बहिणीची, मिरियमची विहीर. विहीर म्हणजे खडक, चाळणीसारखा भोकाभोकांचा. लोक निघाले की तोही गडगडत मागे यायचा. आणि कपडे? ढग कपडे घासून, इस्त्री करून द्यायचे. लेकरू वाढलं की अंगावरचा कपडाही वाढायचा, गोगलगायीच्या शंखासारखा."

"तो ढग माझ्या सुनेकडे पाठवा," लल्ला सोल म्हणाली. "तिच्याकडे इस्त्री आहे, पण ती भिंतीची शोभा आहे."

सगळे हसले. मसऊदा दारात उभी होती, हातात डाव. काल रात्रभर तिच्या डोक्यात जॅकलिन घोळत होती. तिला राहवेना.

"रिब्बी, मला एक सांगा. चूल नको, भांडी नकोत, बाजार नको. आयतं दारात पडतंय. मनातली चव लागतेय. तरी आपली माणसं मोशेपुढे रडली. का? आपली जातच किरकिरी, की वरच्याच्या स्वयंपाकात काही खोट होती?"

"बाई तोंड सांभाळ," नईम म्हणाला.

"नाही, नाही, चांगला प्रश्न आहे." रिब्बींचा चेहरा खुलला. प्रश्न आला की ते दहा वर्षांनी तरुण व्हायचे. "तोरातच लिहिलंय, तुला मान्ना खाऊ घातला, तुला कष्टवण्यासाठी. खायला देऊन कष्टवतात का कुणी? दोन विद्वानांचा वाद झाला यावर. एक म्हणाला, उद्यासाठी काही ठेवता यायचं नाही. टोपलीत भाकरी असलेल्याची भूक वेगळी आणि टोपली रिकामी असलेल्याची वेगळी."

"आणि दुसरा?"

रिब्बींनी टोपी काढली, पुन्हा घातली. इथेच सोडून दिलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. पण तोराबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"दुसरा म्हणाला, चव हजार तऱ्हेची, पण डोळ्यांपुढे रोज तेच पांढरं. जे खातोय ते दिसत नाही. आणि दिसलं नाही की पोट भरत नाही. यावरून विद्वान म्हणतात..." ते खाकरले. "यावरून म्हणतात की आंधळा जेवतो, पण तृप्त होत नाही. चला, पुरे आता. वाढ, मसऊदा."

मसऊदा वाढायला आत गेली आणि पातेल्यासमोर तशीच उभी राहिली. डाव हातात, हात हवेत.

रिब्बींच्या सदऱ्याची बटणं एक घर सोडून लावलेली असायची. तिला वाटायचं, वय झालं. मागच्या आठवड्यात त्यांनी चहा कपाशेजारी ओतला होता. तिला वाटायचं, हात थरथरतो. परवा लल्ला सोलला नईम म्हणून हाक मारली, तेव्हा तर मसऊदा हसली होती.

तिने एक धुतलेली प्लेट घेतली. त्यात काही घातलं नाही. तशीच नेली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"घ्या रिब्बी. भरलेले आर्टिचोक. तुमच्यासाठी वेगळे केलेत."

रिब्बींनी मान खाली घातली. रिकाम्या प्लेटकडे बघून हसले. चमचा हातात घेतला, कडेला ठेवला.

"छान दिसतायत," ते म्हणाले. "पण भूक नाही गं, पोरी."

मसऊदाने प्लेट उचलली आणि आत पळाली. टेबलावर बाकीचे आपापल्या बटाट्यांशी भांडत होते, कोणाचं लक्ष गेलं नाही. आत तिने नळ सोडला, मोठा, आणि त्या आवाजात काय रडायचं ते रडून घेतलं. मग तोंड धुतलं. मग राग आला. खरा राग, पायापासून डोक्यापर्यंत.

दुपारी घरी सोडणारी गाडी येईपर्यंत रिब्बी भिंतीच्या सावलीत बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"प्लेट रिकामी होती, रिब्बी."

रिब्बींनी सदऱ्याचं एक बटण चाचपलं. "पूरिमच्या सणाआधी, मार्चपासूनच अंधुक होतं," ते म्हणाले. "वल्हांडणानंतर मधला भाग गेलाच. कडेकडेने सावल्या दिसतात."

"आणि डॉक्टरला नाही सांगितलं. पोरीला नाही सांगितलं. का?"

"डॉक्टरला सांगितलं की जॅकलिनला कळतं. तिला कळलं की अश्दोदला कळतं, आणि अश्दोदला कळलं की इथे सिनेगॉगात कळतं."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिला तोरातलं फार कळायचं नाही, पण एवढं सिनेगॉगातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं: तोरा पाठ म्हणून चालत नाही. गुंडाळीतलं अक्षर बघूनच वाचावं लागतं. सगळं तोंडपाठ असलं तरी. जो बघू शकत नाही, त्याने वाचायचं नाही.

"म्हणजे पाच महिने अख्खं सिनेगॉग पाठांतर ऐकतंय?"

"एक अक्षर चुकलेलं नाही."

"ते मी विचारलंच नाही!" तिचा आवाज चढला. "अहो, लोकांना तुम्ही शिकवलंत, जे लिहिलंय ते बघून वाचा. आणि स्वतः? आणि मी इथे जिरं काय, लोणची काय, तक्त्यावाल्या बाईशी भांडणं काय! मला वाटलं, माझा हात बिघडला! चार महिने वाटतंय मला!"

"तुझा हात कधीच बिघडला नव्हता."

"मग तसं बोलायचं होतं!"

रिब्बी हळूच म्हणाले, "वाचन गेलं, मसऊदा, तर माझ्याकडे उरतं काय? चपला शिवायला पण डोळे लागतात."

तिला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं आणि हलवून काढावंसंही वाटलं. दोन्ही तिने केलं नाही.

"मी कोणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "जॅकलिनला नाही, सिनेगॉगवाल्यांना नाही. माझी जीभ कापली तरी नाही. ते तुम्ही सांगायचं. पण उद्या तुम्ही जेवणार आहात. मी बोलेन, तुम्ही खाल."

गुरुवारी तिने तक्ता सरळ भिंतीकडे उलटा करून टाकला. रिब्बींच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. चाळीस म्हातारे बघतायत, बघू देत.

"प्लेट म्हणजे घड्याळ धरा. बाराला कुस्कुस, रव्याचा, पिवळा, बारीक, वर वाफ आहे. तीनला भोपळा, नारिंगी, कडेने जरासा करपलेला, तो माझा गुन्हा. सहाला कोंबडीची तंगडी, कातडी तांबूस, हळदीचा डाग पडलाय. नऊला गाजर. लाल. लालभडक, रिब्बी, तुमच्या बायकोच्या त्या सणाच्या ओढणीसारखं."

रिब्बींचा चमचा बाराकडे गेला. मग तीनकडे. मग ते गाजरासाठी नऊकडे गेले आणि तिथे बराच वेळ राहिले.

"ही आंधळ्यांची शाळा आहे का?" नईम म्हणाला. "माझं पण सांग की."

"तुझ्या बाराला मार आहे, नईम. खा गुपचूप."

रिब्बींनी पावाने प्लेट पुसली.

शब्बातला मसऊदा सकाळी लवकर बायकांच्या सज्जात जाऊन पुढच्या कठड्याशी बसली. एरवी ती वाचन संपताना पोचायची. खाली गुंडाळी उघडली. रिब्बी चबुतऱ्यावर चढले. चांदीचं बोट हातात घेतलं.

रिब्बींनी ते बोट शेजारी उभ्या असलेल्या अल्बेरच्या हातात दिलं. अल्बेर म्हणजे सिनेगॉगची व्यवस्था बघणारा नळदुरुस्तीवाला, जाडजूड माणूस.

"तू वाच," रिब्बी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला अक्षर दिसत नाही. पूरिमपासून नीट दिसत नाही. लपवलं, त्याची क्षमा मागतो."

अल्बेर मान खाजवत म्हणाला, "ठाऊक आहे, रिब्बी. हे बोट दर शब्बातला ओळ सोडून हिंडायचं. मीच धरून आणत होतो. आणि अक्षर बघून खालच्या आवाजात मी वाचत होतो. तुमचा आवाज मोठा, म्हणून कोणाला कळलं नाही."

"मला पण ठाऊक होतं," पहिल्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

"आम्हालाही," मागून.

सज्जात मसऊदाने कपाळावर हात मारून घेतला. सगळ्यांना ठाऊक होतं! सगळे भले, सगळे प्रेमळ, सगळे तोंड शिवून बसलेले, आणि माणूस तिच्या टेबलावर एक्कावन्न किलोवर येऊन ठेपला! एकाने, फक्त एकाने तिच्या स्वयंपाकघरात डोकावून सांगितलं असतं तर! तिला वाटलं, कठड्यावरून सगळ्यांवर काहीतरी फेकावं. शब्बात होता आणि हाताशी प्रार्थनेचं पुस्तक सोडून काही नव्हतं, म्हणून वाचले.

अल्बेर वाचू लागला. रिब्बी खाली बसले नाहीत. त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. तिसऱ्या ओळीला अल्बेर चुकला.

"चूक!" रिब्बी गरजले. "मागे जा."

पाचव्याला पुन्हा. "स्वर वर ने. नळ नाही पिळायचाय."

वाचन नेहमीपेक्षा पाऊण तास लांबलं. मुलं पळून गेली, म्हातारे डुलक्या काढू लागले, बायका घरी तापत ठेवलेल्या जेवणाच्या काळजीने पाय हलवू लागल्या. रिब्बींनी एक चूक सोडली नाही.

मंगळवारी जॅकलिन खरोखरच गाडी घेऊन आली होती. नर्सने वजन केलं. एक्कावन्न किलो सहाशे. जॅकलिन काट्याकडे बघत राहिली, मग वडिलांच्या डोळ्यांकडे. डोळ्यांचं त्यांनी तिला स्वतःच सांगितलं होतं. बेर-शेव्हाच्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ तिने तिथल्या तिथे फोनवरून घेतली. ती जेवायला थांबली आणि वडिलांशेजारी बसली.

"बाराला काय आहे?" तिने प्लेटमध्ये बघत मसऊदाला विचारलं.

"बघून सांग की. तुला डोळे आहेत."

जॅकलिनने सांगितलं. मासा, टोमॅटोच्या रश्श्यात, तांबडा. रिब्बींनी एक घास घेतला, चावला आणि चमचा ताटावर वाजवला. अगदी लल्ला सोलसारखा.

"मसऊदा! मीठ कुठे आहे यात?"

मसऊदा डाव घेऊन बाहेर आली. आता तिला खरंच काहीतरी बोलायचं होतं, चांगलं, कडक. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने डाव खाली केला. मग ती आत गेली, मिठाची बरणी आणली आणि त्यांच्या हाताशी टेबलावर आपटली.

"तीनच्या काट्याला ठेवलंय," ती म्हणाली. "स्वतः घ्या."