जयवंताबाईच्या घरात माणसं किती

खालच्या पेठेत आम्ही आलो ते भाडं झेपेल म्हणून. बसस्टँडकडच्या नव्या वस्तीत एका खोलीला जेवढं मागत होते, तेवढ्यात इथे दोन खोल्या, ओसरी आणि परसात लिंबाचं झाड मिळत होतं. एवढं स्वस्त का, ते सामान उतरवल्यावर कळलं. पेठ उतरत उतरत पैनगंगेपर्यंत जाते आणि काही वर्षांनी एकदा पैनगंगा पेठ चढून वर येते. प्रत्येक घराच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला मातकट रेघ होती. लोक पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवत.

ह्यांची नोकरी आदिलाबादला जिनिंगमध्ये, घरी यायचे ते रविवारी. मी इथल्या एका खाजगी शाळेत शिकवायची. लेक पाच वर्षांची. तिची शाळा माझ्याआधी तासभर सुटायची, आणि त्या एका तासाने मला पार पोखरून टाकलं होतं. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मला नदी दिसायची. एक दिवस धावत घरी आले तर लेक शेजारच्या ओट्यावर बसून काकडी खात होती. तिच्या पाठीमागे एक उंच, वाळकी बाई सुपात तांदूळ निवडत होती.

"काऊन धावून राह्यली वो मास्तरीनबाई? नदी आली काय?"

ती जयवंताबाई. त्या दिवसापासून तो एक तास तिने सांभाळला. कधी काही मागितलं नाही. मी विषय काढला तर म्हणायची, "घरात माणूस बोलते, मले तेवढंच पायजे."

दिवाळी सरून पाणी उतरलं की ती नदीच्या पात्रात डांगरवाडी लावायची. वाळूत आळी खणायची, शेणखत भरायची, काकडी, टरबूज, डांगर टोकायची आणि उन्हाळाभर डोक्यावरच्या टोपलीतून विकायची. मृग लागला की नदी सगळं परत घ्यायची. मग चार महिने ओटा आणि ती. जन्म हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या वर्षीचा, नदीपलीकडच्या वऱ्हाडातल्या गावचा. लग्न होऊन नावेत बसून ह्या काठाला आली. नवरा नागोराव तापाने गेला तेव्हा मुलगा सुधाकर नऊ वर्षांचा होता. सासरचे म्हणाले गावी चल, माहेरचे म्हणाले पलीकडे ये. ती पेठेतच राहिली, कारण सुधाकरची शाळा इथे होती. तो दहावी झाला आणि नदीपलीकडे वणीला कोळशाच्या ट्रकवर लागला.

हे मला बऱ्याच उशिरा कळलं. सुरुवातीला ती म्हणायची, "सुधाकर आन मी, दोघंच तं हावो." खुंटीवर बुशकोट असायचा, दाराशी चपला. मला वाटायचं, मुलगा रात्रपाळीला असेल, दिवसा झोपत असेल. पुढे दुकानदार भगवंतराव एकदा काड्यापेटी देता देता म्हणाले, "कायची रात्रपाळी? इकडं फिरकून बारा वर्सं झाली. तिकडचीच पोरगी केली, तिकडंच घर केलं. म्हातारी चपला पुसून ठेवते."

त्या वर्षी जूनमध्ये तेलंगण वेगळं झालं, आमचा काठ त्यात गेला. पेठेत दोन दिवस फटाके वाजले. जयवंताबाई म्हणाली, "राज्य झालं म्हने. नळ कवा होते?" ऑगस्टमध्ये घरोघरच्या गणतीची दवंडी आली. सगळ्या राज्यात एकाच दिवशी मोजणी, आणि जो माणूस घरात दिसेल तोच लिहिला जाईल. मग अफवा सुटल्या. नाव गेलं की रेशन गेलं, घरकुल गेलं, पोरांच्या नोकऱ्या गेल्या. नागपूर, चंद्रपूर, पुण्याला गेलेली माणसं गाड्यांना लोंबकळत परतू लागली. पेठेत इतकी माणसं मी दिवाळीतही पाहिली नव्हती. भगवंतरावांच्या घरी सतरा जण. ते म्हणत, "जावई बी पोरगा म्हून लिवून टाका, काय फरक पडते?"

जयवंताबाईने भगवंतरावांच्या दुकानातून वणीला फोन लावला. मी तिथेच होते. सुधाकर हो म्हणाला. आदल्या दिवशी संध्याकाळी येतो म्हणाला. तिने ओटा सारवला, तांदळाची खीर केली आणि माझ्या लेकीला सांगितलं, "उद्या तुले काका भेटते."

संध्याकाळच्या गाडीने तो आला नाही. शेवटच्या गाडीनेही नाही.

गणतीच्या दिवशी गाड्या बंद, दुकानं बंद. आमच्या गल्लीला जे सर आले ते मंचेरियालकडचे होते, त्यांना मराठी येत नव्हती, म्हणून आमच्या हेडमास्तरांनी मला सोबतीला दिलं होतं. सर तेलुगूत विचारणार, मी मराठीत सांगणार, ते लिहिणार. आम्ही जयवंताबाईच्या दाराशी पोचलो तेव्हा ती नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी होती.

"अम्मा, इंट्लो एंतमंदी?" सरांनी विचारलं.

"मावशी, घरात माणसं किती?" मी म्हटलं. तिच्याकडे बघवत नव्हतं.

"दोन. पोरगा नदीवर गेला, आंघोळीले. येऊनच राह्यला."

गल्लीतल्या चार बायका लगेच म्हणाल्या, हो हो, आत्ताच गेला, खांद्यावर टॉवेल होता. सर भले होते. म्हणाले, पुढची घरं करून येतो.

तासाभराने परत आलो तर ओट्यावर एक तिशीतला माणूस बसला होता, केस ओले, अंगात खुंटीवरचा बुशकोट. भगवंतरावांचा भाचा दादाजी. पेठेने आपल्या परीने सोय केली होती. बुशकोट त्याला आखूड होत होता. भगवंतराव माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, तुमी फक्त सांगाचं काम करा."

मी तेवढंच केलं. नाव? सुधाकर नागोराव. वय? पस्तीस. धंदा? ड्रायव्हर. दादाजी पाठ केल्यासारखा बोलत होता आणि जयवंताबाई प्रत्येक उत्तराला मान हलवत होती. तिचा चेहरा इतका खुलला होता की मलाही क्षणभर खरं वाटलं.

"लग्न झालंय?" मी विचारलं.

"नाही जी," दादाजी म्हणाला. त्याचं स्वतःचं झालं नव्हतं, तेच तोंडातून निघालं.

"नाही काऊन?" जयवंताबाई एकदम म्हणाली. "झालं ना. दोन लेकरं हायेत त्याले."

सरांना तेवढी मराठी कळली. त्यांनी पान उलटलं. लेकरांची नावं काय, वयं काय.

"मोठी पायल," ती म्हणाली. "आठ वर्साची."

"आणि धाकटं?"

ती दादाजीकडे बघू लागली. दादाजी भगवंतरावांकडे. धाकटं तीन वर्षांपूर्वी झालं होतं. बारशाला तिला बोलावणं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. कुणीतरी मागून एक नाव सुचवलं. तिने ते हाताने झटकलं.

"नाही. खोटं नाव नाही लिवाचं लेकराले."

मग ती दादाजीला म्हणाली, "काढ बाबू बुशकोट." आणि मला, "सरले सांगा, एक."

मी सांगितलं. सरांनी लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली, तिचा अंगठा घेतला. तिने त्यांना खीर दिली, ती त्यांनी उभ्या उभ्या, मान खाली घालून खाल्ली.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुमच्या मोबाइलवरून वणीले लावून द्या. लेक तिच्या मांडीवर जाऊन बसली. मी लावून दिला. सुधाकरचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. आई, मालकानं सुट्टी देली नाही. आई, निघालोच होतो. ती मध्येच म्हणाली, "ते राहू दे. लाहान्याचं नाव काय ठेवलं?"

"नैतिक," तो म्हणाला.

"नैतिक," ती म्हणाली. दोनदा म्हणून पाहिलं. "बरं हाये. दूध पेते ना?"

"पेते."

तिने फोन माझ्या हातात दिला, लेकीला मांडीवरून उतरवलं आणि आपल्या घरात गेली. तिला फोन बंद करता येत नसे. पलीकडून तो अजून बोलत होता, "आई? आई, ऐकून राह्यली ना?" मी कानाला लावला.

"त्या गेल्या," मी म्हटलं. "घरी गेल्या."