क्वार्टरबॅक : संभाव्य प्रश्न व उत्तरे

आमचे साहेब अमेरिकेतल्या एका थंड शहरातून सिंगापूरला आले होते आणि त्या शहराचा फुटबॉलचा (तिकडचा, चेंडू हातात धरून खेळायचा फुटबॉल) संघ सतत हरत असे. या दोन्ही गोष्टींशी माझा काही संबंध असायचं कारण नव्हतं. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सेम्बावांगला, जहाजदुरुस्तीच्या एका लहानशा कंपनीत नोकरीला होतो. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे नोकरी करायचा परवाना, मे महिन्यात संपत होता, आणि तो वाढवायचा की नाही हे साहेबांच्या हातात होतं.

मार्चमध्ये साहेबांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. तिघेही मराठी. एक मी. दुसरे रत्नागिरीकडचे, वीस वर्षं जहाजावर काढून जमिनीवर आलेले मरीन इंजिनियर; त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. तिसरा पुण्याचा, कॉम्प्युटरवर आमच्या कामांचं वेळापत्रक बसवणारा; त्याला आम्ही पुणेकर म्हणायचो आणि त्याला ते आवडायचं. साहेबांनी सरळ सांगितलं की तिघांचेही पास मेमध्ये संपताहेत, काम कमी झालंय आणि कंपनी दोघांनाच ठेवू शकेल. एप्रिल संपायच्या आत ते ठरवणार होते.

त्याच आठवड्यात मी बायकोला घेऊन नोव्हेनाला डॉक्टरांकडे गेलो होतो. सहावा महिना संपत आला होता आणि तिचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी डाव्या कुशीवर झोपून राहायला सांगितलं आणि बजावलं, विमानप्रवास अजिबात नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हा सासूबाईंचा हट्ट त्या एका वाक्याने संपला. पण माझा पास गेला की तिचाही जाणार होता. देशात राहायची परवानगी नाही आणि विमानात बसायचीही नाही, अशा बाईने नक्की कुठे राहायचं, हे मला कुठल्याच फॉर्मवर सापडत नव्हतं.

दुसरा कुणी असता तर साहेबांकडे जाऊन हे सांगून मोकळा झाला असता. माझ्या ते मनातही आलं नाही. माझे वडील नगरपालिकेच्या शाळेत शिपाई होते आणि मी त्याच शाळेत शिकलो. घरची अडचण साहेबापुढे नेणं म्हणजे त्याच्यावर ओझं टाकणं, आणि ओझं टाकणारा माणूस नकोसा होतो, हे मी घरातच शिकलो होतो. नशीब बदलायचा मला ठाऊक असलेला रस्ता एकच होता: अभ्यास करणं.

अभ्यास कशाचा करायचा, तेही उघड होतं. दर सोमवारी सकाळी पॅन्ट्रीत साहेब आणि त्यांच्याच शहरातून आलेले वेल्डिंग इन्स्पेक्टर एकमेकांशी भांडत. साहेबांचा सख्खा भाऊ तिकडच्या वर्तमानपत्राची कात्रणं फॅक्सने पाठवी. ते गुंडाळी होणारे कागद साहेब फळ्यावर टाचून ठेवत आणि त्यांच्याखालची अग्निशमनाची सूचना झाकली जाई. भांडणाचा विषय एकच. संघाचा क्वार्टरबॅक म्हातारा झाला होता, म्हणजे पस्तिशीचा. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट होता. त्यात कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं सगळे संघ पाळीपाळीने निवडून घेतात. इन्स्पेक्टर म्हणत, नवा पोरगा उचला आणि म्हाताऱ्याला हार घालून घरी पाठवा. साहेब म्हणत, म्हाताऱ्याने काय घोडं मारलंय? आणि मग थोड्या वेळाने, पण पोरगा चांगला आहे.

"हे निवडतात कसे?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा पुणेकराने चौकशी करून माहिती आणली. "जो संघ सगळ्यात शेवटी आला, त्याला पहिली पसंती."

भाऊ चहा ढवळत होते. "म्हणजे नापास झालेल्याला मेडिकलची पहिली सीट."

"तसंच."

"मग मुद्दाम नापास का होत नाहीत?"

"होत असतील, भाऊ. कात्रणांत तसा संशय व्यक्त केलाय."

"आणि तो क्वार्टरबॅक करतो काय?"

"सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात, तो चेंडू फेकतो, आणि समोरची दहाबारा रेडेछाप माणसं त्याला आडवा करायला धावतात. आपल्याकडचा प्रोजेक्ट लीडर समजा."

"छे. चीफ इंजिनियर," भाऊ म्हणाले. "चाललं तर कॅप्टनमुळे, बंद पडलं तर ह्याच्यामुळे."

मी दोनशे पानी वही आणली. फळ्यावरची कात्रणं जेवणाच्या सुट्टीत झेरॉक्स करून आमच्या ईशूनच्या फ्लॅटवर नेऊ लागलो. लायब्ररीत मुलांसाठीचं एक सचित्र पुस्तक मिळालं. त्यावरून मैदानाची आकृती काढली, पट्टीने, शिसपेन्सिलने, बाणांसह. मग शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं त्या पद्धतीने प्रश्न काढले. एका वाक्यात उत्तरे लिहा. कारणे द्या. जोड्या लावा. थोडक्यात टिपा लिहा: टचडाउन, फंबल. आणि शेवटी दहा गुणांचा मोठा प्रश्न: 'संघाने जुना क्वार्टरबॅक ठेवावा की नवा निवडावा? तुमचे मत सकारण लिहा.'

मोठ्या प्रश्नाच्या उत्तरावर मी चार संध्याकाळी घालवल्या. ते इंग्रजीत लिहिलं, कारण ते इंग्रजीतच म्हणायचं होतं. साहेब दुखावणार नाहीत आणि इन्स्पेक्टरही, अशी त्याची रचना होती. एका दृष्टीने पाहता अनुभवाला पर्याय नाही. दुसऱ्या दृष्टीने पाहता भविष्याची तरतूद आजच करावी लागते. मग दृष्टांत: जुना क्वार्टरबॅक हा जहाजाच्या जुन्या इंजिनासारखा असतो. ओव्हरहॉल करून चालवायचं की नवं बसवायचं, हे जहाज गोदीत चढण्याआधी ठरलेलं असावं, चढल्यावर नव्हे. आणि शेवट: म्हणून माझ्या नम्र मते उभयपक्षी विचार होणे इष्ट. हे वाक्य इंग्रजीत बसवायला फार त्रास झाला.

बायको डाव्या कुशीवर पडून माझी परीक्षा घ्यायची.

"फंबल म्हणजे?"

"हातातून चेंडू निसटणे."

"आणि तो उचलायचा कुणी?"

"ज्याला सापडेल त्याने."

"बरोबर. आता मोठं उत्तर."

मी म्हणून दाखवलं. तिने वही पोटावर टेकवली. "अहो, यात मत कुठंय?"

"सगळं मतच आहे."

"नाही. तुम्ही दोघांनाही वाईट वाटू नये म्हणून लिहिलंय. मी ती कात्रणं वाचली सगळी, दिवसभर दुसरं करणार काय? तो माणूस म्हातारा झालाय म्हणून आडवा होत नाही. त्याच्यापुढे उभं राहायला कुणी नाही म्हणून होतो. उद्या विशीतला पोरगा आणाल, तोही आडवाच होईल. आधी चार दणकट माणसं आणून त्याच्यापुढे उभी करा."

मी म्हटलं की हे बरोबर असेल, पण साहेबांच्या केबिनमध्ये बायकोचं मत म्हणून ते सांगता येणार नाही. ती म्हणाली, मग नका सांगू, आणि पुढचा प्रश्न विचारला.

वहीची बातमी लपली नाही. प्रथम पुणेकराने ती एका रात्रीपुरती मागितली. मला नाही म्हणता आलं नाही. परीक्षेच्या आधी नोट्स मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. मी स्वतः दुसऱ्यांच्या नोट्सवर डिप्लोमा झालो होतो. मग भाऊंनी मागितली. "मास्तर," ते म्हणाले, त्या दिवसापासून ते मला मास्तरच म्हणू लागले, "वीस वर्षं समुद्रात होतो, पण एवढा नेटका घाट घातलेला मूर्खपणा बघितला नाही. दोन दिवस ठेवतो."

पास एकाचा जाणार आणि आम्ही तिघे एकाच वहीतून अभ्यास करतोय, यात काही विसंगत आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, साहेबांनी पुणेकराला पॅन्ट्रीत सहज विचारलं, तुला काय वाटतं, म्हाताऱ्याचं काय करावं? पुणेकराने उत्तर दिलं. साहेब खूश झाले. इंजिनाचा दृष्टांत त्यांनी त्याच दुपारी इन्स्पेक्टरला ऐकवला. ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि मला, खोटं कशाला सांगू, अभिमानच वाटला.

मंगळवारी गोदीवर एका मालवाहू जहाजाच्या तळाशी उभं राहून साहेबांनी भाऊंना तेच विचारलं. भाऊंना सगळं पाठ झालं नव्हतं. ते 'एका दृष्टीने'वरून थेट इंजिनावर आले, पण 'उभयपक्षी'पर्यंत पोचले. ऐकून साहेब सरळ तळाची पाहणी करायला लागले, असं भाऊंनी मला सांगितलं. मी विचारलं, "पुणेकराने काल हेच सांगितलं होतं, तुम्हाला माहीत नव्हतं?" भाऊ म्हणाले, "मला कोण सांगणार? तू काल दुपारनंतर जेट्टीवर होतास आणि पुणेकर त्याच्या मशीनपाशी."

तेव्हा तरी मी सावध व्हायला हवं होतं. पण माझ्याकडे दुसरं उत्तरच नव्हतं. बुधवारी पॅन्ट्रीत आम्ही सगळेच होतो. साहेब कप हातात घेऊन माझ्याकडे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आणि तू? म्हाताऱ्याचं काय करावं?"

मी सुरू केलं. एका दृष्टीने. दुसऱ्या दृष्टीने. इंजिन. गोदी. साहेबांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. शेवटचं वाक्य आम्ही दोघांनी मिळून पूर्ण केलं.

इन्स्पेक्टर कपात बघत राहिले. पुणेकराला वॉटर कूलरवरची सूचना वाचायची एकाएकी गरज पडली.

"हे कुणी लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

मी उभाच होतो, तरी आणखी सरळ उभा राहिलो. "मी, सर. यांचा दोष नाही. वही माझी आहे."

"वही?"

मग वही बॅगेतून काढावी लागली. त्यांनी ती उलटसुलट चाळली. मराठी त्यांना कळणार नव्हतं, पण मैदानाची आकृती कळली, जोड्या लावायचे रकाने कळले, आणि दर पानाखाली बायकोने लाल पेनाने दिलेले गुणही कळले.

"तू एक तरी सामना पाहिलायस?"

"नाही, सर."

"टीव्हीवर? तुकडा तरी?"

"नाही, सर."

"मग हे सगळं कशासाठी?"

ही गोष्ट वहीत कुठेच नव्हती. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता आणि त्याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं, म्हणून बहुधा खरं ते तोंडातून निघालं. बायकोचं ब्लडप्रेशर, डॉक्टरीणबाईंनी विमान बंद केलंय, पास मेमध्ये संपतो, जूनमध्ये मूल होणार. तुम्हाला फुटबॉल आवडतो, सर, म्हणून.

"हे सांगायला दोन मिनिटं लागली," साहेब म्हणाले. "ती वही लिहायला किती लागली?"

"पाच आठवडे, सर."

त्यांनी वही मिटून मला परत दिली. ते हसले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "इथे सगळ्यांनी आपापली अडचण मला सांगितली. कुणाच्या मुलाची शाळा, कुणाची आजारी आई. तूच आला नाहीस. मी समजलो, याचं काही अडत नाही. म्हणून यादीत तुझं नाव तिसरं होतं."

संध्याकाळी बसस्टॉपवर भाऊ माझ्या शेजारी उभे राहिले. "मास्तर, मूल होणार हे ठाऊक होतं. विमान बंद केलंय हे तू आम्हालाही सांगितलं नाहीस."

"तुम्हाला कसं सांगणार? पास तर तुमचाही अडकलाय. सांगितलं असतं तर तुमच्यावर दडपण आलं असतं."

"आलंच असतं. आता नाही आलंय होय?" बस येताना दिसली तसा त्यांनी हात केला. "असा सज्जनपणा दुसऱ्याला फार महागात पडतो, बाबा."

गुरुवारी ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि दहा मिनिटांत बाहेर आले. एका तेलवाहू टँकर जहाजावर सेकंड इंजिनियरची जागा होती, ती त्यांनी घेतली होती. ऑफिसातल्या खुर्चीने कंबर धरते, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. घरी त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्यांच्या बायकोने दोन वर्षांपूर्वी त्यांना समुद्रावरून ओढून आणलं होतं. पुढे बऱ्याच दिवाळ्या ती माऊली माझ्या बायकोशी बोलायची; माझ्याशी मात्र कामापुरतंच. तिचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही.

शुक्रवारी साहेबांनी माझ्या आणि पुणेकराच्या फॉर्मवर सह्या केल्या. रविवार-सोमवारी तिकडे ड्राफ्ट होता. इन्स्पेक्टर आणि साहेब सोमवारी एकमेकांशी बोललेच नाहीत, कारण फॅक्स मंगळवारी आला. मी मात्र त्या दिवशी अर्धी रजा काढून पासचे कागद जमा करायला गेलो होतो.

रात्री बायकोला पावती दाखवली. तिने ती नीट वाचली, तारीख बघितली, आणि उशीखाली ठेवली. डोळे पुसले. भाऊंबद्दल विचारलं, टँकर कुठे जाणार, किती महिने. मग म्हणाली, "आणि त्यांनी कुणाला निवडलं?"

"कुणी?"

"अहो, संघाने."

मी विचारलंच नव्हतं. पाच आठवडे त्या संघाशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं आणि सही झाल्यावर तो संघ माझ्या डोक्यातून सपशेल पुसला गेला होता. तिला ते अजिबात आवडलं नाही. "एवढं सगळं होऊन तुम्हाला जाणून घ्यावंसंही वाटलं नाही? उद्या विचारून या."

बुधवारी सकाळी मी साहेबांच्या दारावर टकटक केली. त्यांनी वर बघितलं, आणि आता काय नवीन अडचण, असे भाव त्यांच्या चेहऱ्यावर आले. मी म्हटलं, "सर, बायको विचारतेय, कुणाला घेतलं? क्वार्टरबॅक, की त्याच्यापुढे उभा राहणारा कुणी?"

"क्वार्टरबॅक नाही," साहेब म्हणाले. "क्वार्टरबॅकच्या पुढे उभा राहणाराही नाही. चेंडूला लाथ मारणारा एक पोरगा. कुठल्याही कात्रणात त्याचं नाव नव्हतं." त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. "बस. तिचं यावर काय म्हणणं आहे, ते सांग."

मी बसलो आणि म्हणालो, "तिला विचारून उद्या सांगतो, सर."