तासावरची मॅडम

मी घर सोडलं त्या सकाळी आबांनी सुट्टी असूनही साखर कारखान्याचा खाकी ड्रेस घातला होता, तोही इस्त्री केलेला. आमचं गाव बिद्रीच्या जवळच. कोल्हापूरची एसटी बिद्रीतनं मिळते. माझी पत्र्याची पेटी त्यांनी स्वतः गाडीत चढवली आणि कंडक्टरनं काही विचारलं नसताना त्याला सांगितलं, "पावणं, पोरगी कॉलेजात शिकवायला चाललीया. जरा बघून उतरवा." आई खिडकीखाली उभी होती. ती एवढंच म्हणाली, "पर्मनंट हो, मगच दम घे."

'पर्मनंट' हा शब्द आमच्या घरात इंग्रजी नव्हताच. आबा कितीतरी वर्षं हंगामी कामगार होते. गाळप सुरू झालं की कामावर, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की घरी. मी सातवीत असताना ते कायम झाले. त्या दिवशी त्यांनी पेढे आणले आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाढ झोपले. माणूस दुपारी असा निवांत झोपू शकतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यामुळं माझ्यासाठी त्यांनी जे मागितलं ते लोभानं मागितलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच पुढं सगळं अवघड झालं.

मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, प्राध्यापकीची सेट परीक्षाही पास झाले. शहरातल्या एका कॉलेजात मला तासिका तत्त्वावर घेतलं. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे. आबांना मी 'तासावर' म्हणाले, त्यांनी ते ऐकलं आणि गावात 'प्रोफेसर' असं सांगितलं. खोटं तिथं सुरू झालं, पण ते मी दुरुस्त केलं नाही.

राहायला शाहूपुरीत खोली मिळाली. खाली पंप आणि मोटारींची दुकानं, वर मल्लव्वा अक्कांचं घर, आणि त्याच्याही वर माझी खोली. अक्का सीमेकडच्या, घरात कानडी बोलायच्या आणि माझ्याशी मराठी. मला 'तंगी' म्हणायच्या. म्हणजे धाकटी बहीण.

आमच्याकडं पोरीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. वर्गात पहिल्याच दिवशी मी "आता मी फळ्यावर लिहितो" म्हणाले आणि मागच्या बाकावर हशा पिकला. त्या आठवड्यात मी स्वतःला 'लिहिते' शिकवलं. घरी फोन केला की 'जेवलो', कॉलेजात 'जेवले'. पुढं पुढं मला कुठं काय बोलायचं याचा विचारही करावा लागेना. तोंडच बदलायचं.

दर वर्षी जूनमध्ये अर्ज, जुलैत मुलाखत, मार्चअखेर निरोप. तेच कॉलेज, तीच प्रयोगशाळा, पण दर जुलैत मी नव्यानं माझं नाव, शिक्षण आणि अनुभव सांगायची. सही करायचं मस्टर कायम प्राध्यापकांपेक्षा वेगळं. स्टाफरूममध्ये खुर्ची होती, पण कपाट नव्हतं. एप्रिल आणि मे हे सगळ्यांत वाईट महिने. घरी गेले असते तर 'सुट्टीचा पगार मिळतो का गं' असं कुणीतरी विचारलं असतं. म्हणून पेपर तपासणीचं काम आहे असं सांगून मी खोलीवरच थांबायची. खाली पंप घ्यायला आमच्या गावची माणसं यायची, म्हणून खिडकीला पडदा लावून बसायची. भर उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या खोलीत, पडद्याआड. मला कुणी कोंडलं नव्हतं. कडी आतनंच होती.

अशी पाच वर्षं गेली. मग एका संस्थेची कायम जागेची जाहिरात आली. एकच जागा होती. मुलाखतीला गेले तर व्हरांड्यात बाकावर आधीपासून जाधव सर बसले होते. सरांनी मला बी.एस्सी.ला शिकवलं होतं. ब्युरेटची काचेची नळी डोळ्यांच्या रेषेत धरायला, थेंबाथेंबानं टायट्रेशन करायला, रंग बदलायच्या आधीचा क्षण ओळखायला मी त्यांच्याकडून शिकले. ते कायम नव्हते हे मला विद्यार्थिनी असताना माहीतच नव्हतं. आता केस पांढरे झालेले सर, मांडीवर फाईल घेऊन, त्याच एका जागेसाठी माझ्या शेजारी बसले होते.

सरांनी माझी फाईल घेतली, प्रमाणपत्रं नीट क्रमानं लावून दिली आणि म्हणाले, "आधी तुझं सेटचं वर ठेव. ते तेच बघतात." मग त्यांना आत बोलावलं.

ती जागा आम्हा दोघांपैकी कुणालाही मिळाली नाही. ती कुणासाठी निघाली होती हे व्हरांड्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, असं नंतर कळलं. मला त्याचा राग आला नाही. मला भीती वाटली. सरांच्या जागी बसलेली मी मला स्पष्ट दिसत होती. शेजारी माझीच एखादी विद्यार्थिनी, आणि मी तिची फाईल लावून देतेय.

त्या दिवशी मी खोलीवर आले आणि जिन्यातच बसून राहिले. अक्कांनी चहा दिला. त्यांचे भाऊ शिवाप्पामामा आले होते. मामांचं शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगचं छोटं शेड होतं. लोखंडी भागांवर निकेलचा मुलामा चढवायचं काम. ते अक्कांना सांगत होते की महिनाभर माल परत येतोय, कडा काळ्या पडताहेत, जळल्यासारख्या. रसायनं विकणारा येतो, हे घाला ते घाला सांगतो, आणि मुलाम्याच्या द्रावणाची टाकी आणखी बिघडते. मी ऐकत होते. टाकीत बोरिक ॲसिड किती आहे ते कधी मोजलंय का, असं मी सहज विचारलं. मामा म्हणाले, "मोजतंय कोण मॅडम? मी रंग बघून चालवतोय. तीस वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी मामा पाण्याच्या बाटलीतनं टाकीतलं द्रावण घेऊन आले. हिरवंगार. माझ्याकडं शिकवणीसाठी विकत घेतलेली एक ब्युरेट होती, बाकी सामान मी बाजारातनं आणलं. अक्कांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी बोरिक मोजायला टायट्रेशन लावलं. पहिल्या वर्षाच्या पोरांना पाच वर्षं हेच शिकवत होते, पण तिथं उत्तर आधीच जर्नलमध्ये लिहिलेलं असायचं. इथं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. बोरिक फार कमी निघालं. किती घालायचं ते मी हिशेब करून कागदावर लिहून दिलं, आणि पुढचे दोन दिवस फोनकडं बघत काढले.

तिसऱ्या दिवशी मामा एक पाईपचा वाकडा तुकडा घेऊन जिना चढून आले. त्यांनी तो माझ्या हातात दिला. कडेपर्यंत पांढरीशुभ्र चकाकी. मग म्हणाले, "शेजारच्या दोघांच्या टाक्या बघायच्यात. येणार का?"

असं ते सुरू झालं. पुढच्या जूनमध्ये मी अर्ज केला नाही. आज कोल्हापूरच्या आसपासची बरीच शेडं माझ्याकडनं टाक्या तपासून घेतात. अक्कांच्या घरामागची पडवी मी भाड्यानं घेतलीय, तीच माझी प्रयोगशाळा.

आता तुम्हाला, म्हणजे माझ्यासारख्या पदव्या घेऊन अभ्यासिकेत, कॉलेजात नाहीतर घराच्या सोप्यावर बसून वाट बघणाऱ्यांना, मला खरं ते सांगायचंय. 'नोकरी मागू नका, धंदा करा' अशी भाषणं मीही ऐकलीत. ती देणारे बहुतेक स्वतः पगारावर असतात. मी काही धाडस केलं नाही. माझे मार्ग संपले होते आणि मामांची टाकी बिघडली होती, एवढंच. धंद्यात मोकळीक आहे असंही म्हणणार नाही. टाकी बिघडली की मालक आजारपण बघत नाही, सण बघत नाही. चुकीचा आकडा दिला तर दिवसाचं काम वाया जातं आणि तोंडावर शिव्या ऐकाव्या लागतात. एकदा मी चुकले होते. त्या शेडच्या दारातनं आत पाऊल टाकायला मला आठवडा लागला. रजा नाही, पेन्शन नाही. कधीकधी वाटतं, एका खोलीतनं निघून दुसऱ्या खोलीत आले.

पण एक फरक आहे. पाच वर्षं मी, जे मला येतं ते करू द्या, असा दर जूनला अर्ज करत होते. आपल्याला काय येतं हे दुसऱ्याच्या सहीशिवाय खरं धरायचं नाही, असंच आपल्याला शिकवलंय. शेडमध्ये मला कुणी सेटचं प्रमाणपत्र मागितलं नाही. त्यांची एक अडचण होती आणि मला तिचं उत्तर काढता येत होतं. तुमच्या पदवीतही असं काहीतरी असेल. ते कुणाच्या अडचणीला लागतं हे शोधायला मात्र कॉलेजच्या व्हरांड्यातनं उठून बाहेर जावं लागतं. मी हे सांगितलं तेव्हा जाधव सर हसले आणि म्हणाले, "मला आता उठायला उशीर झालाय." सर अजून तासावरच्याच मस्टरवर सही करतात.

आबांना मात्र मी सांगितलं नाही. ते आपणहून आले. डोळे दाखवायला शहरात आले होते, कॉलेजात गेले, आणि शिपायानं सांगितलं की मॅडम इथं नाहीत, वर्ष होऊन गेलं. ते पत्ता विचारत पडवीत आले तेव्हा माझ्या अंगात डाग पडलेला ॲप्रन होता आणि टायट्रेशनच्या रंगानं बोटं जांभळी झाली होती. ते स्टुलावर बसले. मी सगळं सांगितलं. कमाई कॉलेजपेक्षा बरी आहे हेही सांगितलं. ते बाटल्यांकडं बघत राहिले.

"मग गावात मी काय सांगू?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, जे आहे ते सांगा. त्यांनी मान हलवली, पण नकारार्थी. "ऱ्हाऊ दे. हाय तसंच ऱ्हाऊ दे. मी कारखान्यात हंगामी हुतो तवा लोक कसं बघायचं ते तुला ठावं न्हाय."

मी हो म्हणाले. त्या दिवसापासून ते खोटं माझ्या एकटीचं राहिलं नाही, आमच्या दोघांचं झालं. घरी जायचं तर लिंबानं बोटं घासायची, इस्त्रीची साडी नेसायची. 'मॅडम, आमच्या पोराच्या ॲडमिशनचं बघा' म्हणणाऱ्यांना 'बघतो' म्हणायचं. ज्या गावात मी अनवाणी हिंडले तिथं मी आता सोडून दिलेल्या नोकरीत असते.

गेल्या महिन्यात गावच्या तरुण मंडळानं शाळेच्या पटांगणात माझा सत्कार ठेवला. नारळ, शाल, आणि मग गावातल्या पदवीधरांना चार शब्द. आबा पहिल्या रांगेत, तोच खाकी ड्रेस घालून. मी उभी राहिले. खरं बोलायचं ठरवून आले होते. पण आबा माझ्याकडं बघत नव्हते, ते मागं वळून लोकांकडं बघत होते, लोक कसे ऐकताहेत ते. मी कष्ट, जिद्द, अभ्यास असं काहीबाही बोलले. कायम नोकरीबद्दलही बोलले. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या कुंपणापाशी रेश्मा नावाची मुलगी माझी वाट बघत उभी होती. तिनंही एम.एस्सी. केमिस्ट्री केलेलं, दोन वर्षं घरात बसून. तुमच्या कॉलेजात तासावर तरी लागेल का, असं तिनं विचारलं. तिच्याशी मला खोटं बोलवेना. मी त्या कॉलेजात नाही, कधीच सोडलं, असं मी तिला सांगितलं. टाक्यांचंही सांगितलं. मला वाटलं तिला धीर येईल.

ती माझ्या अंगावरच्या शालीकडं बघत म्हणाली, "मग मगाशी माईकवर का न्हाई सांगितलं? मी एकटीच बसलेलो न्हवतो तिथं."

बाकीची पोरं सायकली आणि गाड्या काढून घरी निघाली होती, माझं भाषण डोक्यात घेऊन. त्यातल्या काहींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज भरले असतील.

म्हणून हे लिहिलं. जे तिथं बोलले नाही ते इथं. लिहून झाल्यावर आबांना फोन केला आणि सांगितलं की छापायला देतोय, यात सगळं खरं आहे. मागं आईच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"माझं काय लिवलंयस?" त्यांनी विचारलं.

जे झालं ते, मी म्हणाले.

"मग आधी हिकडं ये आन तूच वाचून दाखव. दुसऱ्याच्या तोंडनं कळाय नको."

रविवारी जायचंय. कागद पिशवीत भरून ठेवलेत. ते ऐकून आबा काय म्हणतील मला माहीत नाही. उठून आत जातील, किंवा ऐकतीलही. बाहेर पडलेल्या माणसाचं घर कुठलं, असं मला बरेच जण विचारतात. पूर्वी मी गावाचं नाव सांगायची, मध्यंतरी शाहूपुरीचं सांगायला लागले होते. आत्ता विचाराल तर एवढंच सांगता येईल की हे ज्या माणसाला वाचून दाखवायची मला भीती वाटते, तो माणूस जिथं सोप्यावर माझी वाट बघत बसलाय, ते माझं घर.