तिनं न मोजलेली दहा वर्षं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डाळिंब्या सोलायचं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून ती परात मधे घेऊन बसली होती आणि माझ्या हातात दर तिसरा दाणा दुभंगत होता. "अवं, साल काढा, जीव नका काढू त्याचा," ती म्हणाली. दुपारी ती उसळ भाताबरोबर खाल्ली, जराशी पडते म्हणून ती आडवी झाली आणि चहाच्या वेळेला उठलीच नाही. डॉक्टर आला, त्यानं वय विचारलं. मी म्हणालो साठ. थोरली मुलगी म्हणाली सत्तर. डॉक्टर आमच्या तोंडाकडे बघत राहिला. आता त्याला काय सांगणार, की आमच्या हिच्याइतकी खरं बोलणारी बाई उभ्या उरण तालुक्यात नव्हती, आणि स्वतःच्या वयाबद्दल तिच्याइतकं खोटंही कुणी बोललं नसेल.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तिचं तेवढंही नाही. पण मिठागरात जसे बांध घालून चौकोन पाडतात, तसे तिनं आयुष्याचे दहा-दहा वर्षांचे चौकोन पाडले होते आणि प्रत्येकाला नाव होतं. पहिली दहा खेकड्यांची, कारण तेव्हा ती बापाबरोबर खाडीच्या चिखलात खेकडे धरायची आणि एकदा एका खेकड्यानं तिचा अंगठा असा धरला होता की ती खेकड्यासकट घरी आली. दुसरी दहा केसांची, तेव्हा वेणी कमरेखाली यायची. तिसरी माझ्या आईची. त्यावर ती जास्त बोलत नसे, "सासूची म्हटलं की समजून घ्यावं," एवढंच. पुढची दहा मुलींच्या लग्नांची, मग चष्म्याची, मग गुडघ्याची. झाली साठ. गावातल्या बायकांना वाटायचं म्हातारी नखरेल आहे, वय लपवते. नखरा कसला! केस पांढरेफेक, रंग कधी लावला नाही. लुगडं नवं घेतलं तरी चार वेळा धुऊन मगच नेसायची, नव्यात परकं वाटतं म्हणून. लपवायचंच असतं तर सात-आठ वर्षं लपवली असती. हिची बरोबर दहाच कमी.

आधार कार्डाप्रमाणे पासष्ट झाली तेव्हा तिला एसटीत अर्धं तिकीट लागू झालं. आम्ही पनवेलला निघालो होतो. कंडक्टर भला माणूस, आपणहून म्हणाला, "आजी, अर्धं फाडतो." ही ताडकन म्हणाली, "आजी कुनाला बोलतस? पुरं दे. मी पंचावन्न." त्यानं कार्ड बघितलं. "आजी, यात पासष्ट हाय." तर म्हणते, "ते कार्ड काय माझ्यासंगं ऱ्हायलं व्हतं?" गाडी हसायला लागली. मी खिडकीबाहेर बघत बसलो, जणू ही बाई माझी कुणी नव्हेच. दोन-तीन वर्षं तिनं असं पुरं तिकीट काढलं. पुढं सरकारनं सगळ्याच बायकांना अर्धं केलं, तेव्हा कुठं ऐकली, आणि तेव्हाही कंडक्टरला बजावून, "बाई म्हनून घेतंय. म्हातारी म्हनून न्हाय."

असल्या बाईबरोबर पन्नास वर्षं काढली की माणूस एक तर वेडा होतो नाही तर तिचं गणित शिकतो. मी शिकलो, पण उशिरा. ते मला थोरलीनं शिकवलं, तेही न कळत. एकदा सणाला आली होती, आईची चेष्टा करत होती. म्हणाली, "आये, तू साठ आन् मी एकोनपन्नास. मंग मी झाले तवा तू अकरा वर्सांची व्हतीस काय?" आम्ही सगळे हसलो. ही भाकरी थापत होती. तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "तू पन दहा कमी कर. तवा तुझा बाप तुझ्यापाशी पन नव्हताच." मुलीचं हसू तोंडातच राहिलं. माझंही.

ती दहा वर्षं मी ट्रेलरवर होतो. इकडं बंदर आलं, मिठागरं एकेक करून भरावाखाली जायला लागली, आणि मी गाडी शिकलो. गुजरात, राजस्थान, पार पंजाबपर्यंत. महिन्या-दीड महिन्यानं घरी, दोन दिवस, की परत. मजेत गेलो नव्हतो. दोन मुली, म्हातारी आई, आणि मीठ किती दिवस पुरणार हे दिसत होतं. पण ती इथंच मिठाच्या पाट्या वाहत राहिली आणि मी घरी आलो की मला पाहुण्यासारखी वागवायची. चहा कपबशीत. ती कपबशी आमच्याकडे सोयऱ्यांसाठी ठेवलेली. मला वाटायचं, किती मान देते! डोळ्यांनी दगा दिला आणि गाडी सोडून मी कायमचा घरी आलो, त्या दिवशी तिनं पहिल्यांदा स्टीलच्या पेल्यात चहा दिला. मी चिडलो. "काय गं, कमावता नाही राहिलो तर कप पण गेला?" ती म्हणाली, "आज घरचं झालंव. कप पाव्हन्यांना." मी मूर्ख, दोन दिवस रुसून होतो.

त्या वर्षांबद्दल ती कधीच बोलली नाही. मला बाहेरून तुकडे कळले होते. समुद्राचं पाणी एकदा बांध फोडून गावात शिरलं होतं. धाकटी तापानं जायची राहिली होती. कुणी उचलून नेली, कुठल्या दवाखान्यात, किती दिवस, काही ठाऊक नाही. मी विचारलं की ती म्हणायची, "तुमी व्हतव का? न्हाय ना? मंग ती वर्सं झालीच न्हाईत." वीस-पंचवीस वर्षं मी विचारत राहिलो. कधी गोडीत, कधी भांडून. डाळिंब्या सोलतानासुद्धा विचारलंच. तर म्हणाली, "आधी हातातला दाना सांभाळा." राग येतो मला तिचा. गेली ती गेली, माझी दहा वर्षं घेऊन गेली. बाकी सगळी माझ्यापाशी आहेत, खेकड्यांचीसुद्धा, जेव्हा मी तिला ओळखतही नव्हतो. तिच्या गुडघ्याची दहा कुणी परत देतो म्हटलं तर आज हात पसरून घेईन. रोज तेल चोळीन, कुरकुर करणार नाही. पण जी दहा मला मिळालीच नाहीत, त्यांची आठवण तरी कुठून काढू?

मिठाची भरलेली पाटी एकटीला डोक्यावर चढवता येत नाही. उचलून द्यायला समोर दुसरी लागते, म्हणून मिठागरात बायका जोडीनं जातात, आणि एकदा जोडीण ठरली की ती सहसा बदलत नाही. हिची जोडीण वरच्या आळीत राहते. त्या दहा वर्षांत हिच्या डोक्यावरची प्रत्येक पाटी तिनं उचलून दिलेली. तिला सगळं ठाऊक असणार हे मला नेहमीच माहीत होतं. पण ही जिवंत असताना तिच्या पाठीमागं तिला विचारणं मला चोरीसारखं वाटायचं. विचारलं नाही.

काल संध्याकाळी हिला पोचवून आलो. आज सकाळी शेजारच्यांनी आणलेला कोरा चहा घेतला आणि उठलो. ओटीवर माणसं बसलेली. थोरली म्हणाली, "आबा, सुतकात कुठं चाललाव?" मी चालत वरच्या आळीत गेलो. सुतक्यानं दुसऱ्याच्या घरात पाय टाकू नये, म्हणून अंगणातच उभा राहिलो आणि हाक मारली. जोडीण भिंतीला धरून धरून बाहेर आली. रडून तिचे डोळे बारीक झाले होते.

"भावोजी, आज घर सोडून आलंव?"

"आत येत न्हाय. तू पायरीवर बस."

ती बसली. मी खाली अंगणात मांडी घातली. म्हटलं, "मी गाडीवर व्हतो ती दहा वर्सं. सांग मला."

"तिनं न्हाय सांगितलं?"

"न्हाय."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "लय हाय ते. कुठनं सांगू?"

मी म्हटलं, "मी गेलो त्या सकाळपासनं."