दोन पट्ट्यांमधला रिषभ

वडील गवई आणि मुलगा बेसूर, ही गोष्ट दूधविनायकाच्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. दहाव्या वर्षी वडिलांनी मला गाणं शिकवणं थांबवलं. "तू आपला पढाईवर ध्यान दे," म्हणाले. तेही मी दिलं नाही. पण एकदा तरी त्यांच्या तोंडून 'वा!' ऐकायची मला फार इच्छा होती.

बँकेत लागल्यावर, बदली होऊन निघालेल्या एका रेल्वेसाहेबाचा जुना पियानो मी घरी आणला. पेटीला आमच्या घरात बंदी होती. पियानोवर बंदी घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं. पट्टी दाबली की सूर तयार, यात बेसूर होणं मलासुद्धा जमणार नाही, अशी माझी समजूत. गल्लीच्या वळणावर तो अडकला तेव्हा पानवाल्यानं विचारलं, "गुरू, ई अलमारी हौ का?" मी लाजून हो म्हटलं.

सहा महिने घोटून वडिलांना ऐकवलं. दोन्ही हातांनी असा दणका दिला की फडताळातल्या कपबशा वाजल्या.

"भारदस्त आहे," वडील म्हणाले. "चार सूर एकदम, हे माझ्या गळ्याला जन्मात जमायचं नाही."

मी फुगलो.

"आता भैरवातला रिषभ दाखव. जरा खालचा, झुलता."

मी शोधू लागलो. एक पट्टी चढी लागे, तिच्या शेजारी थेट सा. शेवटी दोन्ही एकदम दाबल्या. वडिलांनी डोळे मिटले.

"मधे काहीच नाही का रे?"

"नाही."

"मग एका सुरावरून दुसऱ्यावर जातोस कसा?"

"उडी मारून."

"माकडासारखा?"

त्यानंतर पियानोवर पापड वाळू लागले.

काही वर्षांनी वडिलांना अर्धांगवायू झाला. बोलणं परतलं, पण मींड गेली. सुरावरून सुरावर अलगद घसरणारा तो गळा आता अडखळत चालायचा. ते ऐकवत नसे. एका सकाळी त्यांनी स्वतःच पापड बाजूला सारले आणि म्हणाले, "वाजव. एकेक."

मग रोज तेच. मी पट्टी दाबायची, त्यांनी आवाज चाचपडत त्या सुरापर्यंत न्यायचा. सा लागायला महिना गेला. एके दिवशी रिषभ लागला आणि क्षणभर टिकला. मला इतका आनंद झाला की तोंडून 'वा!' निघून गेलं.

ते चिडले. "खोटं बोलू नकोस. चढा लागला."

चढा होताच. तो माझ्या पियानोचा रिषभ होता, आणि त्यांनी तो बरोब्बर गाठला होता.