माळ्यावरची खोली
ओल्या रंगाचा वास आला की मला तासगावचं सासर आठवतं. मला अभ्यासाला वेगळी खोली व्हावी म्हणून फौजेतून निवृत्त झालेले सासरे पडीक माळा स्वतःच रंगवत होते. एका दुपारी माळ्याची वाळवीनं पोखरलेली फळी त्यांच्या पायाखाली कडकन मोडली आणि ते तुळईला धरून खालच्या खोलीत लोंबकळले. सासूबाई शिडीसाठी शेजारी धावल्या. मी टेबलावर चढून सासऱ्यांचे पाय खांद्यावर घेतले. टेबल डुगडुगत होतं आणि वर त्यांचे हात घामानं निसटताना दिसत होते. "बाजूला सर पोरी, तुझ्या अंगावर पडंन," ते म्हणाले. "न्हाई सरणार, मामा," मी म्हणाले. त्यांचा शब्द मी पहिल्यांदाच मोडत होते. शिडी आली आणि ते उतरले. त्याच खोलीत अभ्यास करून मी तलाठी झाले, पण आत शिरताना आजही आधी पायानं फळी दाबून बघते.