रुईचा दोष

उशी शिवून झाली की चाचा तिच्यात मूठ रुतवायचे, मूठ काढून घ्यायचे आणि बघत बसायचे. खड्डा भरून वर आला की म्हणायचे, "उठली. जा घेऊन." न उठणारी उशी ते गिऱ्हाइकासमोरच उसवायला घ्यायचे. "रुई दबली हिच्यातली. झोप लागंल का हिच्यावर?"

राजूरला आमच्या घराला लागूनच त्यांचं गाद्यांचं दुकान. अंगावर कापूस घेऊन बसलेला असा माणूस तुम्हीही कुठे पाहिला असेल. आमच्या चाचांच्या भुवया तर कायम पांढऱ्या. मी कॉलेजला निघाले की हाक यायची, "चालली का कलेक्टरीण? आज बस सोड, उश्या भरू लाग."

गेल्या उन्हाळ्यात त्यांना हार्ट अटॅक आला. जालन्याला नेलं, वाचले. मुलगा दूर कामाला, म्हणून दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी चाचींसोबत मी गेले. कॉलेजात शिकते म्हणजे मला कळेल, असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरांनी चाचांच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला. मग म्हणाले, "अटॅकमधून वाचले, पण हृदयाचा पंप कमजोर झालाय. यापुढे भीती त्याची. पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर घरी थांबू नका."

मला सगळं कळलं असं नाही. भीती मात्र पूर्ण कळली.

चाचा दुकानात बसू लागले तशी गल्ली निर्धास्त झाली. चाचाही. पुढे त्यांनी डोक्याखाली दुसरी उशी घेतली, मग तिसरी.

"माल हलका निघाला, बेटी. आडवं पडलं की दम कोंडतो."

त्यांनी आपलीच उशी उसवली, घट्ट भरली, मूठ मारली. उशी बरोबर उठली. तरी रात्र त्यांनी भिंतीला टेकून काढली, असं चाची म्हणाल्या.

"चाचा, डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टरला रुईतलं काय कळतं?"

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. "मेरी कब सुनी इन्होंने, जो तेरी सुनेंगे?"

एके दुपारी पाहिलं, तर चाचांचा पाय चपलेत मावत नव्हता. मी खाली बसले आणि डॉक्टरांसारखा त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. काढला. खड्डा तसाच राहिला. चाचाही बघत होते, उशीकडे बघायचे तसे. बराच वेळ.

"न्हाई उठली," ते हळू म्हणाले. मग म्हणाले, "गाडी बघायला सांग, बेटी. जल्दी."

त्या खेपेला अंगातलं पाणी उतरलं आणि ते घरी आले. दिवाळीच्या आधी पुन्हा दवाखान्यात गेले, ते आलेच नाहीत. दुकानाचं शटर खालीच आहे.

काल दुपारी बाबा शेतातून आले आणि पलंगावर पडले. "अजून एक उशी दे गं."

चाचांनी भरलेली उशी मी त्यांना दिली. मग पायाशी बसले आणि त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला.

"काय करून राह्यली गं?"

"काही नाही बाबा. पडून राहा."

अंगठा काढला. खड्डा लगेच भरून आला. मी दुसरा पाय जवळ ओढला.